बत्तिशींची गाडी छान आहे

बत्तिशींची आणि माझी पहिली भेट झाली तेव्हा माझ्या पाठीवर एक कपाट होतं. कपाट लोखंडी होतं आणि आमच्या हिच्या माहेरून आलेलं होतं, त्यामुळे त्यावर ओरखडा उठवायची हिंमत प्रत्यक्ष काळालाही झालेली नव्हती. आम्ही त्या इमारतीत राहायला येत होतो. हमाल जिन्यात दम खायला बसले ते उठेचनात, म्हणून मी "त्यात काय एवढं!" असं म्हणून कपाट पाठीवर घेतलं. थोड्या पायऱ्या चढल्यावर माझी उंची निम्मी झाली. आणखी थोड्या चढल्यावर मला माझे दिवंगत आजोबा दिसू लागले, आणि ते हात पसरून "ये, ये" म्हणत होते. जिन्याच्या वळणावर कपाट, भिंत आणि कठडा या तिघांनी एकजुटीने माझ्यावर चाल केली, तेव्हा मी तोंड फाडून जी बोंब ठोकली, तिने चौकातली वाहतूक थांबली, पलीकडच्या शाळेला मधली सुट्टी झाली आणि वरच्या मजल्यावरून एक किडकिडीत गृहस्थ धावत खाली आले. मला वाटलं, वाचलो. त्यांनी खिशातून पेनाएवढी बॅटरी काढली, माझ्या उघड्या तोंडात झोत टाकला आणि भुयारात खजिना सापडावा तसे उद्गारले,

"वा! काय दाढ आहे हो!"

मी "कपाट, कपाट" असं म्हणत होतो. जबडा मिटत नसल्यामुळे ते "आ, आ" असं ऐकू येत होतं, आणि हे गृहस्थ "हां, अस्सं, अजून थोडं मोठं" म्हणून मला उत्तेजन देत होते.

"छान आहे," त्यांनी निकाल दिला. "अगदी छान. जपा हं तिला."

ती दाढ पुढच्याच आठवड्यात दंतवैद्याने उपटली. मुळापर्यंत सडली होती. मी जिन्यात त्यांना हे ऐकवलं तेव्हा त्यांचा चेहरा पडला.

"मला दिसलं होतं ते," ते ओशाळून म्हणाले. "पण तुमच्या अंगावर कपाट होतं. त्यात आणखी दाढेचं कुठे सांगायचं?"

या एका वाक्यात बत्तिशी सबंध मावतात. समोरच्या माणसाला वाईट वाटेल असा एकही शब्द या गृहस्थांच्या तोंडून आजवर निघालेला नाही. त्यांना शिळी पोळी छान लागते, गळका नळ छान गळतो, आणि पुतण्या परीक्षेत आपटला तर "छान, पाया पक्का होईल" असं म्हणून ते त्याला पेन घेऊन देतात.

बत्तिशी हे काही त्यांचं नाव नव्हे. ते कवळ्या बनवतात. इमारतीच्या मागच्या अंगाला तळमजल्यावर त्यांची एक खोली आहे, आणि तिथे पहिल्यांदा जाणाऱ्याने मन घट्ट करूनच जावं. भिंतीवरच्या फळ्यांवर प्लास्टरचे जबडे ओळीने मांडलेले असतात आणि सगळेच्या सगळे तुमच्याकडे बघून हसत असतात. खाली टेबलावर वितळलेल्या मेणाचा वास, घासायच्या चाकाची घरघर, हिरड्यांसाठीच्या गुलाबी भुकटीचे डबे. आणि कोपऱ्यात भट्टी. चिनी मातीचे दात भाजायची ही भट्टी म्हणजे बत्तिशींचं काळीज. पण आता ती म्हातारी झाली होती. तिची उष्णता तिच्या मर्जीप्रमाणे चढायची आणि उतरायची. एकाच घाण्यातले उजवीकडचे दात मोत्यासारखे निघायचे आणि डावीकडचे जन्मभर विड्या ओढल्यासारखे. बत्तिशी ते टाकून देत, पुन्हा सगळं नव्याने करत, आणि भट्टीवर हात फिरवून म्हणत, "छान आहे ती. थकलीय जरा."

नव्या भट्टीसाठी नवरा-बायको दोघं पै पै साठवत होती. कारण वर्ष संपायच्या आत नवी भट्टी आली नाही, तर दंतवैद्य एकेक करून दुसरीकडे जाणार हे उघड होतं. दुसरीकडे म्हणजे कुठे? तर बत्तिशींच्या सख्ख्या मेहुण्यांकडे. मेहुण्यांचा कवळ्यांचा दोन मजली कारखाना आहे. ते येत, तोंडभर हसत (स्वतःच्याच कारखान्याचं हसू), आणि म्हणत, "कशाला ओढता हा गाडा? बंद करा खोली. या माझ्याकडे. खिडकीजवळचं टेबल देतो."

"छान," बत्तिशी म्हणत, आणि मेहुणे गेल्यावर बराच वेळ त्या भट्टीकडे बघत बसत.

वहिनी, म्हणजे बत्तिशींच्या सौभाग्यवती, बसमध्ये तिकीट तपासनीस. दिवसभरात ही बाई जितक्या वेळा "नाही" म्हणते तितक्या वेळा बाकीचे लोक श्वास घेत नाहीत. "पाकीट घरी राहिलं." "नाही." "पुढच्या थांब्यालाच उतरतोय." "नाही." "मी पोलिसात आहे." "मग तर नाहीच." भावाच्या त्या खिडकीजवळच्या टेबलाबद्दल तिचं मत स्वच्छ होतं. "दादाच्या हाताखाली? ज्याने माझ्या बाहुलीचं नाक चावून खाल्लं त्याच्या? तुम्ही तिथे गेलात तर मी त्याला भाऊ म्हणायची नाही आणि तुम्हालाही काही म्हणायची नाही."

आता गाडीचं. शहरभरच्या दवाखान्यांत कवळ्या पोचवायच्या म्हणून बत्तिशींनी एका कंपनीकडून भाडेकराराने गाडी घेतली होती. गाडी कंपनीची, चालवायची बत्तिशींनी. दर महिन्याला भाडं आणि विम्याचा हप्ता बँकेतून आपोआप कापला जायचा. गाडी लहान होती, करड्या रंगाची होती, आणि बत्तिशी ती अशी चालवत, की जणू मागच्या सीटवरच्या कवळ्यांना झोप लागलेली आहे.

ती गाडी गेली त्या सकाळी बत्तिशी एका दवाखान्यात वरच्या मजल्यावर एका आजीबाईंना नवी कवळी बसवून बघायला गेले होते. खाली अंगणात शेजारच्या कपडे धुण्याच्या कारखान्याची जुनी लोखंडी पाण्याची टाकी खांबांवरून उतरवायचं काम चाललेलं. बत्तिशींनी कामगाराला रीतसर विचारलंही होतं, "इथे लावू का गाडी?" तो म्हणाला, "लावा की." वर आजींच्या तोंडात कवळी गेली आणि त्याच क्षणी बाहेर असा आवाज झाला की खिडकीच्या काचा थरथरल्या. आजींनी दोन्ही हात तोंडावर ठेवले.

"पडली वाटतं हो."

"नाही आजी, छान बसलीय," असं म्हणत बत्तिशींनी खिडकीतून खाली बघितलं.

गाडी होती तिथे टाकी होती. गाडी खालीच होती, नाही असं नाही. पण आता ती घडी करून कपाटात ठेवण्यासारखी झाली होती. क्रेन चालवणारा माणूस पांढराफटक पडून मटकन खाली बसला होता. बत्तिशी धावत उतरले, त्याला पाणी पाजलं, पाठीवरून हात फिरवला आणि म्हणाले, "असू दे, असू दे. टाकीला काही झालं नाही ना?"

पोलिस आले, फोटो निघाले, विमा कंपनीचा निरीक्षक आला. त्याने गाडीभोवती एक फेरी मारली. पुढून मागे जायला त्याला वळावंही लागलं नाही. विमा कंपनीने गाडीची किंमत गाडीवाल्या कंपनीला चुकती केली, भाडं बंद झालं, आणि प्रकरण तिथे मिटायला हरकत नव्हती. पण त्याच सुमारास बत्तिशींना एक फोन आला. गाडीवाल्या कंपनीच्या मुख्य कचेरीतून एक मुलगी बोलत होती. आवाज असा की ऐकणाऱ्याला आपल्याला एक मुलगी असावी असं वाटावं.

"सर, आपली गाडी कशी आहे?"

"छान आहे," बत्तिशी म्हणाले.

"काही तक्रार, सर?"

"छे छे, तक्रार कसली!"

"आमच्या सेवेला दहापैकी किती गुण द्याल, सर?"

"दहा!"

हे त्यांनी वहिनींच्या समोर, पोळीचा घास हातात धरून केलं. वहिनींच्या हातातलं उलथनं तव्यावर पडलं.

"अहो! गाडीचा पापड झालाय आणि छान काय आहे?"

"अगं, ती इतक्या गोड आवाजात विचारत होती. सकाळपासून किती लोकांनी तिला फाडून खाल्लं असेल! त्यात मी आणखी टाकीचं कुठे सांगू?"

त्या एका "छान"ने गाडी कंपनीच्या दप्तरी पुन्हा जिवंत झाली. नुकसानीच्या टेबलावर ती मेली होती, तिचे पैसेही वसूल झाले होते. शेजारच्या ग्राहकसेवेच्या टेबलावर ती ठणठणीत होती, ग्राहक तिच्यावर खूश होता, आणि ठणठणीत गाडीला विमा हवाच. तेव्हा विम्याचा हप्ता चालू राहिला. शिवाय भाडं बंद असून गाडी परत आलेली नाही, म्हणून "वाहन अडवून ठेवल्याचा आकार" असं एक नवं कलम त्याच्या जोडीला आलं. दर महिन्याला भट्टीच्या पैशांतून एक मोठा लचका निघू लागला. वहिनी पासबुक बघायच्या आणि भट्टीकडे बघायच्या. मेहुणे येऊन सांगून गेले की खिडकीजवळचं टेबल पुसून ठेवलंय.

बत्तिशी भांडायला गेले नाहीत असं मुळीच नाही. ते तीनदा गेले. पहिल्यांदा येताना कंपनीचं पेन घेऊन आले. दुसऱ्यांदा छत्री. तिसऱ्यांदा मी त्यांना जिन्यात गाठलं.

"काय झालं?"

"फार चांगली माणसं आहेत हो," ते म्हणाले. "त्या काउंटरवरच्या मुलाचे समोरचे दात बघा तुम्ही एकदा. अशी ठेवण हल्ली बघायला मिळत नाही."

"आणि विमा?"

"बघतो म्हणाला."

त्या दिवशी वहिनींनी मला वर बोलावून घेतलं. "भावजी, यांना बोलायला शिकवायचं आहे. मी एकदा गेले होते यांच्याबरोबर, तर तो मेला मला म्हणतो, करार ज्यांच्या नावावर आहे त्यांनीच बोलायचं. मला! मी तिथे तोंड शिवून बसले, भावजी. घरी आल्यावर ताप भरला."

मग तालीम सुरू झाली. वहिनी जेवणाच्या टेबलामागे काउंटरवाला होऊन बसल्या. बत्तिशी दारातून आत आले.

"बोला," वहिनी गुरकावल्या.

"नमस्कार. तुमची साडी छान आहे."

"साडीचं सोडा! मी काउंटरवरचा माणूस आहे!"

"मग शर्ट छान आहे."

"गाडीचं बोला!"

"गाडी..." बत्तिशींनी माझ्याकडे बघितलं. मी मान हलवून धीर दिला. "गाडी, म्हणजे तशी... तुम्ही कामात असाल तर मी नंतर येऊ का?"

वहिनींनी कपाळावर हात मारला. "भावजी, तुम्ही काउंटरवर बसा. माझ्याच्याने होत नाही. मी यांना एकदा तिकीट नसताना पकडलं होतं, तेव्हा हे मला म्हणाले, तुमचं पकडणं छान आहे. मी तिथेच फसले."

मी बसलो. अर्ध्या तासाने बत्तिशींनी मला माझ्या विम्याचे पैसे भरायचं कबूल केलं.

चौथ्या खेपेला आम्ही तिघंही गेलो. कंपनीची शाखा म्हणजे एक लांबट, थंडगार दालन. प्लॅस्टिकच्या खुर्च्यांच्या रांगा, छताला टांगलेला आकड्यांचा फलक, आणि प्रत्येक काउंटरवर ग्राहकाच्या बाजूला तोंड करून बसवलेलं एक छोटं यंत्र. त्यावर एक ते दहा अशी बटणं. काम झालं की ग्राहकाने गुण द्यायचे, आणि ते दिल्याशिवाय फलकावर पुढचा नंबर येत नाही. आमचा नंबर आला. वहिनी मागच्या खुर्चीवर पर्सचा पट्टा दातात धरून बसल्या. काउंटरवरच्या मुलाने आम्हाला बघून खरोखरच सुंदर दात दाखवले.

"काका! या, या. काय सेवा करू?"

बत्तिशींनी घसा साफ केला. "तो विमा..."

"बघतो हं." मुलाने पडद्यावर बघितलं आणि भुवया उंचावल्या. "पण काका, तुमची तक्रार तर मिटलीय. तीनदा आली आणि तीनदा मिटलीय."

"मिटली कशी?" मी मध्ये तोंड घातलं.

"दहा गुण दिले की ग्राहक समाधानी, आणि ग्राहक समाधानी म्हणजे तक्रार आपोआप मिटते. काकांनी प्रत्येक वेळी जाताना दहा दिलेत. आमच्या शाखेत काकांचं नाव आहे! आणि त्याआधी फोनवरही..." त्याने एक कळ दाबली, आणि काउंटरमधून बत्तिशींचा आवाज आला: "छान आहे. छे छे, तक्रार कसली! दहा!"

"हा आवाज तुमचाच ना, काका?"

"हो," बत्तिशी म्हणाले. मागे पर्सचा पट्टा तुटल्याचा आवाज आला.

"गाडीची अवस्था ग्राहकाच्या तोंडून आली तेवढीच इथे दिसते हो," मुलगा खरंच हळहळत म्हणाला. "ती बदलणं माझ्या हातात नाही. मी पुन्हा तक्रार लिहून घेतो. तुम्ही जाता जाता गुण तेवढे द्या."

बत्तिशींनी सवयीने हात पुढे केला. बोट दहाच्या बटणाकडे निघालं, आणि वाटेत थांबलं. त्यांच्या कपाळावर आठी पडली. ती मी त्याआधी कधीच बघितली नव्हती.

"बाळ," ते हळूच म्हणाले, "मी दहा दाबले तर तक्रार मिटणार?"

"हो, काका."

"आणि कमी दाबले तर?"

"तर..." मुलाचे दात झाकले गेले. "तर मला वर जाऊन उत्तर द्यावं लागतं. का कमी मिळाले म्हणून."

"म्हणजे तुला बोलणी बसणार."

"तसंच काही नाही... पण हो."

बत्तिशींनी बोट मागे घेतलं. दोन्ही हात मांडीवर ठेवले. "मग मला काहीच दाबता येत नाही," ते म्हणाले आणि तिथेच बसून राहिले.

मी आजवर मोर्चे बघितलेत, धरणी बघितलीत, पण इतकं नम्र ठाण मांडून बसलेलं कोणी बघितलेलं नाही. चेहऱ्यावर अपराधी हसू, गुडघे जुळवलेले. फलकावरचा आकडा हलेना. मागे कुजबुज सुरू झाली, मग खोकले, मग बोलणी.

"ओ साहेब, दाबा की काहीतरी!"

"काहीही कसं दाबू? याला वाईट वाटेल."

"मग दहा दाबा!"

"मग माझी भट्टी जाते."

"कसली भट्टी?" एक जाडजूड बाई पुढे आल्या. मी थोडक्यात टाकी, गाडी, विमा आणि भट्टी सांगितली. बाईंनी ती कथा मागच्या रांगेला सांगितली. मागची रांग शेवटच्या रांगेला सांगेपर्यंत टाकी विमानातून पडली होती. दालनात दोन तट पडले. एक म्हणे, एक दाबा, धडा शिकवा. दुसरा म्हणे, दाबूच नका, बसा असेच, आम्हीही बसतो. एका म्हाताऱ्याने आपली खुर्ची उचलून बत्तिशींच्या शेजारी आणून ठेवली आणि कारण न विचारता बसून घेतलं.

काचेच्या खोलीतून शाखाप्रमुख बाहेर आले. टाय सरळ करत, घाम पुसत.

"काय चाललंय? हे गृहस्थ का उठत नाहीत?"

"सर, ते गुण देत नाहीयेत."

"कमी दिले?"

"दिलेच नाहीत."

शाखाप्रमुखांच्या चेहऱ्यावरून असं दिसत होतं, की कमी गुणांसाठी त्यांच्याकडे नियम होता, पण यासाठी नव्हता. ते बत्तिशींच्या पुढ्यात वाकले. "साहेब, नऊ तरी द्या."

"नऊ दिले तर या मुलाला कोणी काही बोलणार नाही?"

"बोलावं लागतं हो. वरचा नियम आहे."

"मग नको," बत्तिशी म्हणाले. "तुम्ही बसा ना. उभे का?"

शाखाप्रमुख बसले नाहीत. त्यांनी पडदा स्वतःकडे वळवला, सगळं वाचलं, दोनदा कानशील खाजवलं. मग म्हणाले, "एक मार्ग आहे. गाडीची अवस्था मुख्य कचेरीच्या फोनवरूनच बदलता येते. मी त्यांना आत्ता तुम्हाला फोन करायला सांगतो. त्या विचारतील, गाडी कशी आहे. तुम्ही फक्त खरं सांगायचं. जमेल?"

सगळं दालन बत्तिशींकडे बघू लागलं. बत्तिशी वहिनींकडे बघू लागले. वहिनींना बोलायची मनाई होती. त्या उठल्या, पुढे आल्या आणि नवऱ्याच्या मागे येऊन उभ्या राहिल्या, बसमध्ये उभ्या राहतात तशा, पाय फाकवून, पण दोन्ही हात त्याच्या खांद्यांवर.

फोन वाजला. तोच आवाज.

"सर, आपली गाडी कशी आहे?"

"बाळ," बत्तिशी म्हणाले, "जेवलीस का तू?"

"हो, सर. गाडी कशी आहे, सर?"

"तू बसलीयस ना?"

"मी बसूनच काम करते, सर."

"बरं. मग ऐक." त्यांनी डोळे मिटले. म्हाताऱ्याने त्यांचा एक हात धरला. "आणि मनाला लावून घेऊ नकोस. मागच्या वेळी मी तुला छान म्हणालो. ते खोटं होतं. तुझं त्यात काही चुकलं नाही, तू फार चांगलं विचारलंस. पण गाडीवर पाण्याची टाकी पडली. गाडी वाईट आहे. वाईट म्हणजे, बाळ, अगदी... गेली ती."

बत्तिशींनी एक डोळा उघडला.

"अरेरे," ती मुलगी म्हणाली. "तुम्हाला लागलं नाही ना, सर?"

पोलिस, निरीक्षक, दोन टेबलं, एक काउंटर, आणि बत्तिशींचे सख्खे मेहुणे. इतक्या महिन्यांत हा प्रश्न कोणीच विचारला नव्हता. बत्तिशींनी दुसराही डोळा उघडला. "नाही गं," ते म्हणाले. "मी छान आहे."

"बरं झालं, सर. नोंद केली. टाकी पडली त्या तारखेपासून विमा बंद, वाहन अडवल्याचा आकार रद्द. कापलेले पैसे खात्यात परत येतील."

"झालं?"

"झालं, सर."

दालनात टाळ्यांचा कडकडाट झाला. जाडजूड बाईंनी वहिनींना मिठी मारली. काउंटरवरचा मुलगा पुन्हा सगळे दात दाखवून हसला, आणि बत्तिशींनी दहाचं बटण असं दाबलं की यंत्र सरकून पलीकडे पडता पडता राहिलं. फलकावर पुढचा नंबर आला. तो त्या म्हाताऱ्याचा होता. तो उठेना, त्याला इथेच बरं वाटत होतं.

बाहेर रस्त्यावर आल्यावर वहिनी पोट धरधरून हसू लागल्या, आणि हसता हसता त्यांचे डोळे वाहायला लागले. बत्तिशी मात्र जमिनीपासून वीतभर वरून चालत होते. आयुष्यात पहिल्यांदा त्यांनी एका गोष्टीला वाईट म्हटलं होतं, आणि आकाश कोसळलं नव्हतं. त्यांना त्याची चटक लागली.

"शेजारी," ते मला म्हणाले, "तुमचा हा शर्ट वाईट आहे."

"अहो!" वहिनी म्हणाल्या.

"आणि ही छत्री वाईट आहे. उघडतच नाही." कोपऱ्यावर आम्ही चहा घेतला. "चहासुद्धा वाईट आहे!" ते आनंदाने ओरडले. चहावाल्याने रागाने बघितलं, तेव्हा त्याला ते चोरट्या आवाजात "कप छान आहेत" म्हणाले. मग त्यांनी खिशातून फोन काढला आणि मेहुण्यांना लावला.

"मेहुणे, ते खिडकीजवळचं टेबल," ते म्हणाले. "नको मला. वाईट आहे असं नाही. पण नको." पलीकडून बराच वेळ काहीतरी येत राहिलं. बत्तिशी ऐकत राहिले. शेवटी म्हणाले, "नाही. नाही हो. नाही." वहिनी कप हातात धरून एकटक बघत राहिल्या. मला वाटतं, त्या दुसऱ्यांदा फसल्या.

हा जोर संध्याकाळपर्यंत टिकला. रात्रीच्या जेवणाला आमच्या हिने केलेली उसळ करपली होती, आणि बत्तिशी ती दोनदा वाढून घेऊन "छान" म्हणाले.

पैसे परत आले. भट्टी आली. ती निळ्या रंगाची आहे, आणि तिच्यातून दात दोन्ही बाजूंनी सारखे निघतात. पहिला घाणा बाहेर आला तेव्हा बत्तिशींनी आम्हाला सगळ्यांना खाली बोलावलं. दारातल्या अंधुक उजेडात आम्ही ते कोमट दात हातात घेऊन बघितले. वहिनी म्हणाल्या, "मला बाई सगळे दात सारखेच दिसतात," आणि त्यावर बत्तिशी जे हसले, ते फळीवरच्या एकाही जबड्याला जमलेलं नाही. मधल्या काळात दुसरीकडे गेलेले दंतवैद्य परत आले. मेहुणेही एकदा येऊन भट्टी बघून गेले आणि तिची किंमत विचारून गेले.

गाडी बत्तिशींनी पुन्हा घेतली नाही. कवळ्या पोचवायला आता एक कुरिअरवाला येतो. तो गाडीच्या भाड्याच्या निम्म्यात पडतो, आणि आधीही पडला असता.